घुशीचा खेळ आणि अक्का

खेळात हरल्यावर टाळी वाजवणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. आदिलाबादच्या बसस्टँडमागच्या गल्लीत सोड्याचं एक दुकान होतं. त्या दुकानाच्या कोपऱ्यात कपाटाएवढं व्हिडिओ गेमचं यंत्र होतं आणि त्याच्यासमोर नऊवारी लुगडं नेसलेली, ठसठशीत कुंकू लावलेली, चाळिशीची एक बाई उभी असायची. पडद्यावरचा तिचा माणूस दगडाखाली सापडून मेला की ती हातातला दांडा सोडायची, दोन्ही हातांनी खणखणीत टाळी वाजवायची आणि म्हणायची, "मारलं बाप्पा! बराबर मारलं!"

गिरिजाबाई तिचं नाव. पण गल्ली, बसस्टँड, भाजीबाजार, सगळे तिला अक्काच म्हणत. मी लग्न करून पांढरकवड्याहून आदिलाबादला आले ती त्या दुकानाच्या वरच्या खोलीत. आमचे हे महसुलाच्या दफ्तरात कारकून होते. सकाळी ते गेले की मला घर खायला उठायचं. पहिले काही दिवस मी वरूनच ऐकत होते. सोड्याच्या बाटलीतली गोळी आत ढकलल्याचा आवाज, मग कसलंसं टुईंटुईं, मग टाळी. एक दिवस न राहवून खाली उतरले. अक्का मान न वळवता म्हणाली, "वरची नवी सूनबाई का तू? ये. तथी स्टूल हाय. बोलू नको आत्ता, घूस मागं लागली माह्या."

तेव्हापासून मी तिची नलू झाले.

हे यंत्र तिच्या दुकानात आलं ते चुकूनच. तिचा भाऊ नागपूरला असली यंत्रं चालवायचा. त्यानं एक जुनं यंत्र आदिलाबादच्या कुणाला विकायला म्हणून ट्रकमधून पाठवलं आणि घेणारा फिरकलाच नाही. गोणपाटात गुंडाळलेलं ते धूड देवरावभाऊंच्या, म्हणजे अक्काच्या नवऱ्याच्या, सोड्याच्या दुकानात अडगळ होऊन पडलं. देवरावभाऊ हा इतका मऊ माणूस, की कुणाला 'हे उचला' म्हणायचीही त्यांना चोरी. शेवटी एका रिकाम्या दुपारी अक्कानंच गोणपाट सोडलं आणि पिन बोर्डात खुपसली.

कसं खेळायचं ते सांगणारं कुणी नव्हतं. पडद्यावर माती, मातीत एक चिमुकला माणूस, वर अडकलेले दगड, आणि बिळांतून फिरणारी दोन तऱ्हेची जनावरं, एक तांबडं आणि एक हिरवं. दांडा हलवला की माणूस माती उकरत जायचा. जनावर अंगावर आलं की मेला. अक्काचं माहेर बोथ गावाकडचं, भाजीपाला पिकवणाऱ्यांचं. मळ्याचे बांध उकरणाऱ्या घुशी तिनं जन्मभर पाहिल्या होत्या. तिनं त्या खेळाचं नाव ठेवलं घुशीचा खेळ. यंत्रावर इंग्रजीत काहीतरी वेगळंच लिहिलेलं होतं, पण ते कुणी कधी वाचलं नाही. गल्लीनं हेच नाव घेतलं.

"मले कोनं शिकवलं नाई," ती म्हणायची, "म्हनूनच त मले आलं."

यातूनच तिचा तो नियम आला असावा. नवा माणूस यंत्रासमोर उभा राहिला की त्याला कुणी काही सांगायचं नाही. पहिला डाव दुकानाकडून. अक्का हात पाठीमागे बांधून बाजूला उभी राहायची आणि पडद्याकडे न बघता त्या माणसाच्या तोंडाकडे बघायची. मागून कुणी "डावीकडं जा, डावीकडं" म्हणालं की त्याला बखोट धरून सोड्याच्या बाकापर्यंत नेऊन सोडायची. कॉलेजात शिकणारा एक मुलगा एकदा तिला म्हणाला, "अक्का, सांगितलं तर बिचारा लवकर शिकेल ना."

"त्याले शिकाले नाई उभं केलं मी," अक्का म्हणाली. "खेळ चांगला हाय का नाई, थे पाह्याले उभं केलं."

"पण आम्ही रोज खेळतो की. चांगला आहे म्हणूनच खेळतो."

"तुमचं काय सांगतं मले? तुमाले सवय झाली. सवय झाली का मानूस कारलंबी गोड म्हनते. नव्या मानसाले उभं कर. मेल्यावर थो 'अजून एकडाव' म्हनते का, तेवढं पाह्य."

पहिल्या उन्हाळ्यात नागपूरचा भाऊ आला. यंत्राचं मागचं दार उघडून त्यानं आतली बारकी बारकी बटणं अक्काला दाखवली. ती इकडची तिकडं केली की जनावरं वेगानं धावतात, माणूस लवकर मरतो, गिऱ्हाईक पुन्हा नाणं टाकतं. नागपुरात सगळे असंच करतात म्हणाला. स्क्रू पिळायचा पेचकस त्याच्या हातातच होता. अक्कानं तो काढून घेतला.

"खेळानं हरवलं त मानूस पुन्हा येते, बापू. मालकानं हरवलं त थो कायले येईन?"

"अक्के, तुले धंदा समजत नाई," भाऊ हसून म्हणाला.

"नाई समजत. पन हरनं समजते."

हरणं तिला खरोखरच समजत होतं. दिवसभर ती लोकांचं हरणं बघायची आणि त्यावरून माणूस ओळखायची. कोण यंत्राला लाथ मारतो, कोण मागच्यावर खेकसतो, कोण गप्प होऊन नखं कुरतडतो. "दांड्यावर राग काढनाऱ्याले पोरगी देऊ नये," असं तिनं मला एकदा अगदी गंभीरपणे सांगितलं होतं.

शाळेच्या वेळेत शाळेचं पोर दुकानात दिसलं तर ती त्याला स्वतः शाळेच्या फाटकापर्यंत पोचवून यायची. तरी एकदा गडबड झालीच. ती बाजारात गेली होती आणि दुकानात देवरावभाऊ एकटे. कापडवाल्या वामनरावांचा मुलगा शाळा बुडवून येऊन खेळत बसला. कुणीतरी चुगली केली. अक्का परत येते तर दुकानासमोर ही गर्दी, मुलगा रडतोय, देवरावभाऊ हात जोडून उभे आणि वामनराव उलटी धरलेली छत्री उगारून यंत्रासमोर.

"फोडतोच आज याले! पोरं बिघडवून राह्यलं हे खटारं!"

मी जिन्यावर होते. मला वाटलं, आता भांडण पेटणार. अक्कानं भाजीची पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, "फोडा, भाऊ. पोरगं तुमचं, राग खरा हाय तुमचा. पन एक डाव खेळून पाहा अन मंग फोडा. कायले फोडून राह्यलो, थे त समजलं पाह्यजे का नाई?"

आणि तिनं नाणं टाकलंसुद्धा.

यंत्र वाजायला लागलं. वामनराव गोंधळले. समोरचा चिमुकला माणूस काही हालेना आणि हिरवं जनावर तर त्याच्याकडे यायला लागलेलं. त्यांनी छत्री काखेत मारली आणि दांडा धरला. मेला. दुसरा मेला. तिसऱ्याच्या वेळी छत्री दोन्ही गुडघ्यांत गेली होती आणि वामनरावांची जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली होती. रडता रडता मुलगाच ओरडला, "बाबा, खालून जा, खालून!" अक्कानं त्याच्याकडे बोट रोखलं, तसा तो गप्प झाला.

तिसराही मेला. वामनरावांनी कपाळावरचा घाम पुसला, छत्री सरळ केली, मुलाचा हात धरला आणि जाता जाता म्हणाले, "शाळेच्या टायमाले पोराले घेत जाऊ नका."

"नाई घेनार. चुकलं आमचं," अक्का म्हणाली.

तो मुलगा पुन्हा कधी अवेळी दिसला नाही. वामनराव मात्र दुपारी जेवायला दुकान बंद केलं की घरी जाताना वाकडी वाट करून आमच्या गल्लीतून जाऊ लागले. "आमच्या घरी सांगत जाऊ नका, अक्का," म्हणायचे. अक्का त्यांच्यासमोर सोडा ठेवायची आणि आम्हाला डोळ्यांनी दटावायची, हसायचं नाही म्हणून.

अक्काच्या नणंदेचे यजमान राजाराम बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत कामाला होते. दिवाळीला दोघं आली. भला उंचनिंच, कमी बोलणारा गडी. अक्कानं नेहमीप्रमाणे त्यांना यंत्रासमोर उभं केलं आणि हात पाठीमागे बांधले. राजारामांनी थोडी माती उकरली आणि थांबले. वर बघितलं. वर दगड होता. ते मागे आले, लांबून वळसा घेऊन पुढे गेले. पुन्हा दगड आला, पुन्हा वळसा. जनावरं मागे लागली तरी हा माणूस दगडाखालून काही जाईना. दगड जनावरांवर पाडायचा आणि गुण मिळवायचे, हीच तर त्या खेळातली गंमत. बघणारे हसू लागले. एकाला राहवलं नाही. तो म्हणाला, "अवो मामा, दगडाखालून निघा ना पटकन! घूस मागून येते अन दगड तिच्यावर पडते."

राजारामांनी आश्चर्यानं मागे बघितलं. "दगडाखालून कोनी जाते का? आमाले पहिल्याच दिवशी सांगतेत, पह्यले वर पाह्याचं, मंग पाय ठेवाचा."

गुण फारसे झाले नाहीत, पण मरायलाही तयार नव्हता तो माणूस. बराच वेळ चाललेला तो डाव शेवटी एका बिळात कोंडून संपला. बाजूला होताना त्यांनी विचारलं, "किती जीव देते हे?"

"तीन," अक्का म्हणाली.

"तीन!" राजाराम मोठ्यानं हसले. "चांगलं हाय. आमाले एकच देते."

सगळे हसले. त्यांची बायको, अक्काची नणंद, हसली नाही. ती उठून आत गेली. अक्का तिच्या मागे गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पाहुणे गेल्यावर अक्का दोन दिवस राजारामांसारखी खेळत होती. दगडाखाली पाय न ठेवता. मी विचारलं, "हे काय गं नवीन?"

"मी म्हनत होती, हा खेळ माह्या पाठ झाला," ती म्हणाली. "याच्यातून अजून एक खेळ निघाला, नलू. त्यायनं काढून देल्ला."

पुढे भावानं मोटारीचा खेळ पाठवला. बसायला खुर्ची, हातात चाक, पायाखाली दाबायचं, समोर पळता रस्ता. दुकानात उभं राहायला जागा उरेना. तामसीच्या बसनं बाजाराला आलेली खेड्यांतली माणसं आधी मोटार चालवायची आणि मग बाजार करायची. अक्का स्वतः नऊवारीचा ओचा सावरून त्या खुर्चीत बसली आणि तोंडानं पों पों करत आम्हाला सगळ्यांना हैदराबादला घेऊन गेली. घुशीचा खेळ कोपऱ्यात एकटा टुईंटुईं करत राहिला.

दोन-तीन दिवाळ्या गेल्या. एक दिवस शेंगा सोलत बसलो असताना अक्का म्हणाली, "नलू, मोटारीवर नवं मानूस एकडाव बसते अन उठून जाते. 'अजून एक' म्हनत नाई. काऊन वं?"

"जुनी झाली असेल आता," मी म्हटलं.

"घुशीचा त याच्याऊन जुना हाय. त्याच्यावर अजूनबी नवं मानूस चिटकते."

मी शेंगा सोलत राहिले. ती मात्र तो विषय डोक्यात घेऊन फिरत होती. नळावर, बाजारात, भाकरी थापताना. मग एके सकाळी जिन्याखालून मला हाक मारली. "नलू! समजलं मले. मोटारीत नवल होतं. आमी कोठी मोटार चालवली होती? नवल पाहून झालं. आता लोकायनं टीव्हीवर याच्याऊन भारी मोटारी पाह्यल्या. नवल निघून गेलं अन त्याच्या खाली खेळच नवता."

"आणि घुशीच्या खेळात?"

"त्याच्यात नवल कवाच नवतं, वं माय. माती अन घूस. थे त आमच्या मळ्यात होतंच."

तिनं मोटारीचं यंत्र काढून टाकलं. हळहळली नाही. त्याची खुर्ची शेजारच्या न्हाव्यानं नेली आणि पुढं कित्येक वर्षं आदिलाबादचे लोक त्या खुर्चीत बसून दाढी करून घेत होते. जुनं म्हणून अक्कानं काही जपलं नाही. आमच्याकडे लोक जुन्या वस्तूंवर उगाच माया करतात किंवा उगाच नाकं मुरडतात. अक्का दर वेळी एक नवं माणूस उभं करून बघायची आणि मग ठरवायची.

म्हणूनच गल्लीच्या तोंडाशी कॅसेटवाल्या गेमचं नवं दुकान आलं, रंगीत टीव्ही ओळीनं लागले, तेव्हा ती रागावली नाही. सरळ तिथं जाऊन पोरांच्या रांगेत बसली, खेळली आणि परत येऊन म्हणाली, "चांगले हायेत. दोन त लय चांगले हायेत. बाकीचे मोटारीच्या जातीचे."

पण गिऱ्हाईक तिकडं गेलं ते गेलंच. तिचा मुलगा अविनाश हैदराबादला कॉम्प्युटर शिकत होता. लहानपणी शाळेत त्याला 'गेमवालीचा' म्हणून चिडवायचे, ते त्याच्या मनातून गेलं नव्हतं. सुट्टीत आला की म्हणायचा, "आई, फेक तो डबा. दुनिया कुठं गेली अन तू घुशी मारत बसली."

"फेकीन," अक्का म्हणायची. "नवं मानूस 'अजून एक' म्हनाचं थांबू दे."

आणि नेमकी त्या उन्हाळ्यात यंत्राची पिक्चर ट्यूब गेली. टीव्ही दुरुस्त करणारे रहमतभाई आत डोकं घालून बराच वेळ खुडबुडले. बाहेर येऊन म्हणाले, "अक्का, ट्यूब तो गई. नागपूर में बी नै मिलती अब. बोले तो टीव्ही की काली-सफेद बिठा दूँ?"

दुसरा इलाजच नव्हता. यंत्र सुरू झालं ते राखाडी होऊन. माती राखाडी, दगड राखाडी. तांबडं जनावर आणि हिरवं जनावर सारखंच दिसायला लागलं. तांबडं वेगानं यायचं आणि हिरवं माती फोडून यायचं, रंगावरूनच तर कळायचं कुणापासून कसं पळायचं. जुनी गिऱ्हाइकं आली, एक डाव खेळली आणि "अरेरे" करून गेली. वामनरावसुद्धा म्हणाले, "मजा गेली, अक्का."

अक्काला काळजीत पडलेलं मी तेव्हाच पाहिलं. तिची घालमेल वेगळीच होती. "हे सगळे रंग पाह्यलेले लोक हायेत," ती म्हणायची. "यायचं ऐकून काय करू? ज्यानं रंग पाह्यलाच नाई असं मानूस पाह्यजे मले." पण आमच्या गल्लीत असं माणूस आणायचं कुठून? जावई, सासरे, दूधवाला, सगळ्यांनी तो खेळ रंगीत पाहिलेला.

त्याच सुमारास अविनाशचं लग्न झालं. सरिता निजामाबादची. घरी मराठी, पण शाळा सगळी तेलुगूतली, त्यामुळे बोलताना अडखळायची. अविनाशला हैदराबादला नोकरी लागली होती, पण खोली मिळाली नव्हती. तो बायकोला आईजवळ ठेवून गेला. पोरगी अगदीच अबोल. दोन घास खायची आणि मागच्या ओट्यावर जाऊन बसायची. डोळे कायम सुजलेले. आमच्या वऱ्हाडी बोलण्यातलं निम्मं तिला कळायचं नाही. एकदा ती काहीतरी बोलली आणि पाहुण्या बायका हसल्या, तेव्हापासून तर तिनं तोंडच मिटलं. गल्लीतल्या बायका कुजबुजायला लागल्या, "सून मुकी आणली का काय अक्कानं?"

अक्का एक दिवस माझ्याकडे वर येऊन बसली. "काय करू वं, नलू? बोललं त रडते, नाई बोललं तबी रडते. परक्याची पोरगी हाय. माह्या घरात सुकून चालली."

मी म्हटलं, "माहेरी पाठव थोडे दिवस."

"पाठवीन. पन थे तथीच राह्यली त? अविनाशचं काय?" एवढं बोलून ती खाली निघून गेली.

त्यानंतरची एक दुपार. देवरावभाऊ बाहेर गेले होते. दुकान आणि आतली खोली यांच्यामधला पडदा ओढलेला. अक्का आणि मी आतल्या खोलीत डाळ निवडत होतो आणि सरिता दुकानात बसली होती, गिऱ्हाईक आलं तर हाक मारायला. यंत्र आपलं चालू. तेवढ्यात नाणं पडल्याचा आवाज आला. आम्हाला वाटलं, कुणी गिऱ्हाईक आलं. मग खेळ सुरू झाला आणि लगेच मेल्याचा सूर वाजला. पुन्हा. पुन्हा.

मी पडद्याच्या फटीतून डोकावले. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. सरिता उभी होती, दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून.

"तिला जरा सांगू का?" मी हळूच म्हटलं आणि निघालेसुद्धा.

अक्कानं माझं मनगट धरलं. "बस."

आम्ही बसलो. डाळ सुपातच राहिली. बाहेर मेल्याचा सूर, क्षणभर शांतता. त्या शांततेत अक्का कान टवकारायची. मग नाण्याचा आवाज. शांतता. पुन्हा नाणं. दर वेळी खेळ थोडा जास्त चालत होता. एका डावात तर इतका चालला की अक्का उभीच राहिली. आणि मग दगड पडल्याचा धप्प आवाज आला आणि त्यावर ओरडणं,

"अय्यो! पोयिंदी!"

'गेलं' म्हणत होती ती, तेलुगूत, गल्ली ऐकेल एवढ्या मोठ्यानं. पडदा सरकला. दारात सरिता. पदर खांद्यावरून घसरलेला, केस सुटलेले, गाल लाल. सासूसमोर उभी आहे हे ती विसरली होती.

"आत्या, दोन वेगळे आहेत ना ते? एक पाय आपटत चालतो, एक सरपटत. सरपटतो तो मातीतून येतो. बरोबर ना?"

आम्ही वर्षानुवर्षं रंगावरून ओळखत होतो. चालीकडे कुणी बघितलंच नव्हतं. अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज तिनं साधाच ठेवला.

"मले काय माईत, पोरी? पाह्य ना तूच."

सरिता पुन्हा यंत्राकडे पळाली.

त्या दिवशी रात्रीच्या जेवणात तिनं भाकरी मागून घेतली. मग हळूहळू बोलायला लागली, आधी फक्त घुशींबद्दल, नंतर सगळ्याबद्दल. तिची मराठी, आमची वऱ्हाडी आणि खेळताना तेलुगू, अशी काहीतरी नवीच भाषा त्या दुकानात तयार झाली. दुपारी रस्त्याकडचा पडदा ओढून आम्ही बायकाच खेळायचो आणि सरिता आम्हा सगळ्यांना हरवायची. अक्कालासुद्धा. माहेरी पाठवायचा विषय निघाला तर म्हणायची, "जाईन ना, आत्या. एवढं हे माझं पाणी लागेपर्यंत थांबू द्या." मातीच्या तळाशी पाणी लागतं तिथवर आमच्यापैकी कुणी कधी पोचलं नव्हतं.

दिवाळीला अविनाश आला तो नवी कोरी कॅसेटची गेम घेऊनच. टीव्हीला जोडली. आम्ही सगळ्यांनी खेळून बघितली, सरितालाही आवडली. मग ती नवऱ्याला म्हणाली, "आता माझा खेळ बघा, चला." अविनाश हसत हसत यंत्रापाशी गेला. लहानपणी याच खेळात तो वस्ताद होता. पण त्या राखाडी मातीत तिन्ही जीव भराभर गमावून बसला.

"आई, याचा रंग कुठं गेला?" तो वैतागून म्हणाला.

सरितानं त्याच्याकडे बघितलं, मग यंत्राकडे, मग अक्काकडे.

"रंग होता का याला?" तिनं विचारलं.

अक्का हसायला लागली. इतकी हसली की तिला भिंतीला टेकून खाली बसावं लागलं. अविनाशला आधी काही कळेना. मग त्यानं बायकोच्या तोंडाकडे नीट बघितलं. लग्नात पाहिलेली ती घाबरलेली मुलगी ही नव्हे, हे त्याच्या लक्षात आलं असावं. त्यानं नाणं टाकलं आणि म्हणाला, "अजून एक." यंत्र फेकायची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही.

खोली मिळाल्यावर सरिता हैदराबादला गेली. बसस्टँडवर दोघी सासू-सुना अशा रडल्या की कंडक्टरनं विचारलं, "मायलेकी का?" दोघींनीही होय म्हणून मान हलवली. यंत्र पुढे एका पावसाळ्यात आतून जळलं. रहमतभाईंनी या वेळी हातच टेकले. अक्कानं त्याच्यावर हळद-कुंकू वाहिलं आणि हातगाडीवर चढवून दिलं. मग देवरावभाऊंना म्हणाली, "चला, आता सोड्याले जागा झाली."

आमची बदली निर्मलला झाली. येणं-जाणं कमी झालं. देवरावभाऊ गेले तेव्हा मी भेटून आले. अक्का वाळली होती, डोळ्यांवर जाड चष्मा आला होता.

नंतर एकदा नात्यातल्या लग्नाला आदिलाबादला गेले होते. परतताना निर्मलच्या बसमध्ये खिडकीशी बसले तर बाहेर, पलीकडच्या फलाटावरच्या बाकावर अक्का. तामसीच्या गाडीची वाट बघत असावी. बाजूला खेड्यातली कुणी म्हातारी होती, पायाशी बोचकं. तिच्या दोन्ही हातांत तळहाताएवढी एक गेम होती, वरून विटा पडतात ती. सरितानं पाठवली असणार. म्हातारीनं ती तव्यावरची भाकरी धरावी तशी बोटांच्या टोकांवर धरली होती.

"अक्का!" मी खिडकीतून हाक मारली. "ओ अक्का!"

तिनं ऐकलं. न बघताच हात वर केला, पंजा माझ्याकडे करून. थांब.

तेवढ्यात आमच्या दोघींच्या मध्ये तामसीची गाडी येऊन उभी राहिली. कंडक्टर ओरडला, बोचकी वर गेली, कोंबड्या गेल्या, माणसं चढली, घंटी वाजली. गाडी निघून गेली. धूळ बसली तेव्हा बाकावर त्या दोघी तशाच होत्या, म्हातारीची मान खाली आणि अक्काची नजर म्हातारीच्या तोंडावर. मग आमचीही बस हलली.